गृहपरिचर्या, ज्येष्ठांची

गृहपरिचर्या, ज्येष्ठांची : वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे ज्यांना रोजचे व्यवहार एकट्याने जमत नाहीत, अशा वृद्धांची त्यांच्याच घरी, मोबदला घेऊन केली जाणारी देखभाल. महाराष्ट्रातल्या शहरांत हे काम करणाऱ्यांना आया, मावशी, मामा, अटेंडंट, केअरटेकर असे म्हणतात. प्रशिक्षित परिचारिका आणि परिचारक असतील तर सिस्टर, ब्रदर. आंघोळ घालणे किंवा स्पंजिंग, कपडे बदलणे, शौचाला नेणे किंवा डायपर बदलणे, भरवणे, ठरल्या वेळी गोळ्या देणे, हात धरून चालवणे आणि सोबत करणे ही या कामाची मुख्य अंगे. केर-फरशी, धुणीभांडी, घरच्या सगळ्यांचा स्वयंपाक ही कामे त्यात मोडत नाहीत. बहुतेक घरांत वादाला पहिले तोंड फुटते ते याच हद्दीवरून.

किती मदत लागते हे मोजण्यासाठी वैद्यकात दोन पद्धती रूढ आहेत. अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आंघोळ, कपडे, शौच, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण या सहा गोष्टी पाहतात. १९६५ मधल्या बार्थेल निर्देशांकात शंभरपैकी गुण देतात. आपल्याकडे अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोंत या मोजपट्ट्या क्वचितच वापरल्या जातात. फोनवर विचारतात ते एवढेच : पेशंट चालतात का, डायपर आहे का, नळी आहे का, वजन किती. दर बहुतांशी या उत्तरांवर ठरतो.

*सेवा देणारे.* परिचारिका आणि अटेंडंट यांतला फरक कुटुंबांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. तीन वर्षांचा जीएनएम किंवा दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या परिचारिकेची नोंद राज्याच्या परिचर्या परिषदेकडे असते. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने ही व्यवस्था आखून दिली आहे. इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी घालणे, खोल जखमेचे ड्रेसिंग ही तिची कामे. अटेंडंटकडे अशी नोंद नसते आणि ही कामे तिला सांगू नयेत. प्रत्यक्षात बारा तासांसाठी सिस्टर परवडत नाही म्हणून "मावशी, तेवढं इन्सुलिन टोचाल का?" असे विचारले जाते. ती ते करते. पुढे काही बिघडले तर दोषही तिच्याच माथी येतो. यांखेरीज फिजिओथेरपिस्ट ठरल्या दिवशी घरी येतात, आणि काही डॉक्टर अजूनही घरभेटी देतात.

*गरज.* २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील लोक १० कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली. तिच्यात साठीपुढच्या साधारण दर चार जणांपैकी एकाला रोजच्या मूलभूत क्रियांपैकी निदान एक करताना अडचण येते, असे आढळले. बाजारहाट, औषधे सांभाळणे, पैशांचे व्यवहार अशा कामांत अडचण येणारे जवळपास निम्मे होते.

ही देखभाल पूर्वी घरातच होत असे. ती करणाऱ्या सुना, लेकी आणि बायकांचे श्रम कुणी मोजले नाहीत. आता सून नोकरीला जाते, मुलगा बंगळूरला किंवा न्यू जर्सीत असतो, आणि कोथरूड, दादर, पार्ले, डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत ऐंशीचे आजोबा आणि पंच्याहत्तरीची आजी राहतात. बायकांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक आणि लग्नाच्या वेळचे वय कमी, त्यामुळे शेवटची वर्षे एकटीने काढणाऱ्यांत आज्याच जास्त. नवऱ्याचे सगळे त्यांनी केलेले असते. त्यांचे करायला कुणी उरत नाही.

*पूर्वपीठिका.* घरी जाऊन पगारी परिचर्या करण्याची आधुनिक रीत इंग्लंडमध्ये आकाराला आली. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी मरणासन्न पत्नीसाठी एक परिचारिका नेमली होती. तिच्याच मदतीने १८५९ मध्ये त्यांनी शहरातल्या गरिबांसाठी घरोघरची परिचर्या सुरू केली. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ मध्ये उभ्या केलेल्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्तांना ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. भल्या घरच्या बाईने परक्या रुग्णाला हात लावणे कमीपणाचे मानले जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुढे मोठ्या रुग्णालयांच्या आसपास नर्सिंग ब्युरो निघाले. रुग्णालयात आया म्हणून राहिलेल्या बायका डिस्चार्जनंतर त्याच पेशंटच्या घरी जाऊ लागल्या. कंपन्या उशिरा आल्या : बंगळूरची नाइटिंगेल्स १९९६ मधली, पोर्टिया २०१३ च्या सुमाराची, आणि त्यानंतर रुग्णालय-साखळ्यांचे स्वतःचे होमकेअर विभाग. २०२० च्या टाळेबंदीत अनेक सोसायट्यांनी बाहेरच्या माणसांना फाटकावर अडवले, तेव्हा अंथरुणावरच्या वृद्धांचे अटेंडंटविना काय होते ते घराघरांत कळले.

*ब्युरोची रीत.* कुटुंब ब्युरोकडे नोंदणी शुल्क आणि कधी अनामत भरते. ब्युरो माणूस पाठवते. ड्यूटी दोन तऱ्हांची. बारा तासांची, बहुधा सकाळी आठ ते रात्री आठ किंवा उलट. आणि चोवीस तासांची, म्हणजे घरातच राहून. कुठे पगार ब्युरोमार्फत मिळतो आणि त्यातून कमिशन कापले जाते. कुठे कुटुंब थेट पैसे देते आणि ब्युरो पहिल्या महिन्याचा हिस्सा घेते. खाडा झाला तर बदली पाठवण्याचे आश्वासन असते. बदलीवर आलेल्या माणसाला पेशंटचे काहीच ठाऊक नसते. म्हणून औषधांच्या वेळा, शौचाची नोंद, साखर, रक्तदाब आणि कोणत्या कुशीवर किती वाजता झोपवले हे लिहून ठेवण्याची एक साधी वही घरात असावी.

*कसब.* या कामातले कौशल्य बाहेरून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच त्याला दाम मिळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे झाले नाही तर माकडहाड, खुबे, टाचा अशा हाडाजवळच्या जागी रक्तपुरवठा दबतो आणि बेडसोर होतो. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल तर धोका सुरू झाला असे समजावे. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही. तिथे हाताला लागणारी ऊब किंवा कडकपणा ओळखावा लागतो, आणि अनुभवी मावशी तो स्पंजिंग करता करता ओळखते. एअर बेडने दाब विभागला जातो, पण कूस बदलणे त्याने टळत नाही. सरकवताना ओढायचे नसते, चादरीसकट उचलायचे असते; ओढल्याने आतली कातडी फाटते.

पक्षाघात झालेल्याला पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची धड बाजूला ठेवतात. लुळा हात धरून ओढले तर खांदा निखळतो. गिळायला त्रास होत असेल तर ठसका पाण्याने आणि चहाने अधिक लागतो, दाटसर पेज त्या मानाने सोपी जाते. माणूस ताठ बसलेला हवा, घास लहान हवा, आणि आधीचा गिळला आहे याची खात्री हवी. नाकातून नळी असेल तर भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवतात आणि नंतर निदान अर्धा तास आडवे करत नाहीत. अन्न फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवायची. चालत्याफिरत्या वृद्धाला सर्वांत मोठा धोका रात्री शौचाला उठताना असतो. तिथे मंद दिवा, ओली नसलेली फरशी आणि हाकेच्या अंतरावरचे माणूस यांनी खुब्याचे हाड वाचते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची परिचर्या निराळी. संध्याकाळ झाली की अस्वस्थता वाढते. स्वतःच्या घरात बसून आजी "घरी जायचंय" म्हणत राहतात. हे तुमचेच घर आहे, असे पटवायला गेले की चिडचिड वाढते. जाणती अटेंडंट चपला पुढे करते, जिन्यापर्यंत फेरी मारून आणते आणि चहाचा विषय काढते. शिकून आलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणची टिकते, म्हणून मुंबईत आयुष्य काढलेले मालवणी किंवा कोकणी आजोबा शेवटी घरच्या बोलीत बोलू लागतात, आणि त्यांना समजून घेणारे माणूस मिळणे हा निवडीतला महत्त्वाचा निकष ठरतो. आंघोळीच्या वेळी दार लोटणे, एका वेळी एकच अवयव उघडा करणे आणि स्पर्शाआधी "आता पाय धुते हं" असे सांगणे, या गोष्टींना वेळ लागत नाही. ज्याचे शरीर आता दुसऱ्याच्या हाती आहे त्याला त्या फार मोलाच्या असतात. पुरुष रुग्णांना पुष्कळदा पुरुषच हवा असतो, पण मामा कमी आणि मागणी जास्त अशी स्थिती आहे.

*सेविकांची स्थिती.* चोवीस तासांची ड्यूटी घेणाऱ्यांत मराठवाडा-विदर्भातून आलेल्या, घटस्फोटित, विधवा किंवा कर्जात सापडलेल्या बायका बऱ्याच आढळतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे किमान तीनदा उठायचे, आणि दिवसाही तेच काम. सलग महिनाभर हे एकटीने करणे मानवी शरीराला शक्य नाही. मग रात्रीची एक फेरी चुकते, मग दोन, आणि व्रण होतो. दोन पाळ्या परवडत नसतील तर निदान दिवसा चार-पाच तासांची अखंड झोप, आठवड्याची सुट्टी आणि निजायला नीट जागा ठरवून द्यावी. ही सवलत तिला दिली तरी तिचा उपयोग रुग्णालाच होतो. वेगळा कप, शिळे अन्न, घरातले शौचालय न वापरू देणे हे प्रकार अजून शिकल्यासवरलेल्या घरांतही चालतात, आणि त्यांच्यामागे जात असते हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपल्या आईचे मलमूत्र काढणाऱ्या हाताला कप वेगळा देणे हे कोणत्याही सबबीने क्षम्य नाही.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो घरकाम डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. रात्रपाळी, जड माणूस उचलल्याने होणारी पाठदुखी, संसर्ग असे परिचर्येचे खास प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाहीत. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा करार भारताने स्वीकारलेला नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मात्र राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे सेविकांना माहीत नसते. ब्युरोने ते सांगायला हवे.

*वृद्धांचे संरक्षण.* उलट बाजूचे धोकेही खरे आहेत : चोरी, हेळसांड, शांत राहावे म्हणून जादा गोळी देणे, पलंगाला बांधून ठेवणे. ओळखपत्राची प्रत, पोलीस पडताळणी आणि आधीच्या घरी केलेला एक फोन एवढी काळजी आवश्यक आहे. दागिने आणि बँकेचे कार्ड अटेंडंटच्या ताब्यात देणे तिच्यावरही अन्याय करणारे असते. नातलगांनी वेळ न कळवता भेट द्यावी आणि वृद्धाशी काही वेळ एकांतात बोलावे. अनाकलनीय वळ, एकाएकी आलेली गुंगी, झपाट्याने घटणारे वजन ही लक्षणे गंभीर मानावीत. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाबाबतच्या २००७ च्या कायद्याने न्यायाधिकरणापुढे निर्वाह मागता येतो. महिना १० हजार रुपये ही त्याची कमाल मर्यादा मोठ्या शहरातल्या पूर्णवेळ परिचर्येला अपुरी आहे. ही मर्यादा काढण्याची आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची करण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत त्याचा कायदा झाला नाही.

*खर्च.* हा भार जवळपास सगळा कुटुंबाच्या खिशातून जातो. आरोग्य विमा रुग्णालयातल्या भरतीभोवती रचलेला आहे. पॉलिसीतली घरच्या उपचारांची तरतूद रुग्णालयात हलवता न येणाऱ्या आजाऱ्याच्या तात्पुरत्या उपचारांपुरती असते, वर्षानुवर्षांच्या देखभालीसाठी नसते. २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांना लागू झालेले आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवचही भरतीपुरतेच आहे. त्याच वर्षीच्या राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना काठी, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतली किमान पेन्शन महिना एक हजार रुपये आहे. शहरात तेवढ्यात अटेंडंटच्या दोन दिवसांच्या ड्यूट्याही जेमतेम निघतात. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन देखभालीचा वेगळा सक्तीचा विमा सुरू केला; जपानमध्ये चाळिशीपासून सर्वांना त्याचा हप्ता भरावा लागतो. आपल्या देशात केरळने दुसरी वाट काढली. तिथे २००८ च्या धोरणानंतर पंचायतींच्या आधाराने परिचारिका आणि स्वयंसेवक दुर्धर आजाऱ्यांच्या घरी जातात. पुण्यात वारजे येथील सिपलाचे उपशामक केंद्र कर्करुग्णांसाठी विनामूल्य काम करते आणि त्याची पथके घरीही जातात. खेड्यांत ब्युरो नाहीत. तिथे हे काम लेकीसुनांकडे आणि त्या नसतील तर शेजाऱ्यांकडे आहे.

*प्रशिक्षण.* आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने घरगुती आरोग्य साहाय्यक आणि वृद्धपरिचर्या यांचे अभ्यासक्रम आखले आहेत. केंद्राची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थाही वृद्धपरिचर्येचे वर्ग चालवते. पेशंटच्या उशापायथ्याशीच शिकलेल्या बायकांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वअनुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. परीक्षेच्या दिवशी ड्यूटी सोडून जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे ती कुटुंबाने किंवा ब्युरोने भरून देणे गरजेचे आहे.