वंगणाचा दाब आणि धोक्याचा इशारा

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडची जी डोंगररांग उभी आहे, जिच्यावर माडिया समाज ठाकूरदेवाचे अधिष्ठान मानतो आणि जिच्या पोटात लोहखनिजाचा विपुल साठा आहे, तिच्या उतारांवरचे पावसाळी पाणी ओढ्यानाल्यांनी बांडिया नदीस, बांडियेतून इंद्रावतीस आणि पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीस जाऊन मिळते. समुद्रापासून इतक्या दूर, सागवानाच्या आणि बांबूच्या या रानात, नौकेच्या पोटात बसविलेल्या इंजिनाचा आणि त्याच्या वंगणाच्या दाबाचा विचार करणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु दीडशे वर्षांपूर्वी याच पाण्यावरून, बंगालच्या उपसागरापासून थेट वऱ्हाड-नागपूरच्या कापूसपट्ट्यापर्यंत, वाफेवर चालणाऱ्या आगनावांची नियमित ये-जा सुरू करण्याची एक मोठी मसलत सरकारदरबारी मंजूर झाली होती, तिच्यावर दहा वर्षे पैसा आणि माणसे खर्ची पडली होती, आणि सिरोंचा हे आजचे दूरस्थ तालुक्याचे गाव त्या मसलतीमुळेच एका जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले होते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास हा विषय या भूमीला परका वाटणार नाही.

या योजनेचे मूळ सर आर्थर कॉटन यांच्या विचारात होते. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे गोदावरीवर त्यांनी बांधविलेला बंधारा 1852 मध्ये पुरा झाला, त्यामुळे मुखाकडील प्रदेश कालव्यांनी समृद्ध झाला, आणि मग त्याच नदीचा वरचा प्रवाह वाहतुकीस का खुला करू नये, असा प्रश्न त्यांनी पुढे मांडला. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर या प्रश्नास राजकीय बळ आले. 1860 मध्ये निजामाशी झालेल्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीराचे तालुके इंग्रजी अंमलाखाली आले, सिरोंचा येथे अप्पर गोदावरी जिल्ह्याची कचेरी बसली, आणि कॅप्टन हेग या अभियंत्याच्या देखरेखीखाली कामास आरंभ झाला. त्याच सुमारास, 1861 मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटून मँचेस्टरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा हिंगणघाटच्या बाजारातील कापसाला जी किंमत आली तिने या जलमार्गाच्या कैवाऱ्यांना नवा हुरूप दिला. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी 1863 मध्ये गोदावरीच्या नौकानयनाविषयी स्वतंत्र अहवालच लिहिला.

मार्गात तीन मोठे अडथळे होते: पहिला दुम्मगुडेमजवळ, दुसरा इंचमपल्लीजवळ आणि तिसरा प्राणहितेवर, अहेरीच्या बाजूस, देवलमरी येथे. तिन्ही ठिकाणी कठीण खडकाचे पट्टे नदीचे पात्र अडवून उभे होते. पावसाळ्यात त्यांवरून पाण्याचा लोंढा असा धावे की नौकेस वर चढणे अशक्य व्हावे, आणि उन्हाळ्यात खडक उघडे पडून पात्रात धार तेवढी उरावी. या खडकांना वळसा घालून कालवे खणावे, त्यांत दरवाजांच्या पाणकोठ्या बांधून नौका पायरीपायरीने वर चढवाव्या, आणि मधल्या शांत पाण्यावर कमी बुडीच्या आगनावा चालवाव्या, अशी तजवीज होती. दुम्मगुडेमचे काम बरेच पुढे गेले. पण जंगलातील तापाने मजूर आणि अधिकारी जर्जर झाले, खर्च अंदाजाच्या बाहेर गेला, 1867 मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचून कापसाला मुंबईचा जवळचा मार्ग मिळाला, आणि अखेर 1871 मध्ये काम थांबविण्याचा हुकूम सुटला. 1874 मध्ये भद्राचलमकडील तालुके मद्रास इलाख्यास जोडले गेले आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात तहसील म्हणून सामील झाले.

त्या काळच्या आगनावेवरील यंत्रशाळेत धोका ओळखण्याची साधने कोणती होती, याचा विचार केला म्हणजे पुढील इतिहासाचा क्रम ध्यानात येतो. सारी भीती बाष्पपात्राची होती. वाफेचा दाब मर्यादेपलीकडे गेला तर तो आपोआप सुटावा म्हणून डेनिस पापँ याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात योजलेली सुरक्षा-झडप. पात्रातील पाणी आटले तर वितळून विस्तवावर वाफ सोडणारी शिशाची गुडदी, जी रिचर्ड ट्रेव्हिथिक याने 1803 मध्ये ग्रिनिच येथे त्याच्या यंत्राचा स्फोट होऊन माणसे दगावल्यानंतर योजिली. आणि 1849 मध्ये पॅरिसच्या युजेन बुर्दाँ याने पेटंट घेतलेला, वाकवलेल्या नळीचा दाबमापक: हीच काय ती राखण होती. वंगणाकडे मात्र अशी राखण नव्हती. तेल थेंबाथेंबाने पितळी वाट्यांतून आसांवर गळे, आणि तेलवाला खलाशी चालत्या यंत्राच्या फेऱ्यांमधली वेळ साधून बेअरिंगला हाताचा तळवा लावी व ते किती तापले आहे हे स्पर्शाने जाणे. यंत्र मंदगतीचे होते म्हणून हे चालत असे. आणि तो स्पर्श हाच त्या काळचा वंगणाचा इशारा होता.

वंगणतेलाच्या अंगी दाब असतो आणि फिरता आस प्रत्यक्षात त्या दाबावर तरंगतो, ही गोष्ट उघडकीस आली ती 1883 च्या सुमारास, ब्यूचँप टॉवर या इंग्रज अभियंत्याच्या प्रयोगांत. इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी तो आगगाडीच्या आसासारख्या बेअरिंगवर घर्षण मोजीत होता. तेलाची वाटी बसविण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तर यंत्र फिरताच त्या भोकातून तेल वर येऊन वाहू लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर ढकलली गेली. मग तेथे दाबमापक जोडला, तेव्हा दर चौरस इंचास 200 पौंडांपर्यंतच्या त्याच्या आकड्यांपलीकडे काटा गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार तर त्याच्या निम्माच होता. आस आणि पितळ यांच्यामध्ये तेलाचा एक अखंड पापुद्रा असतो व फिरणारा आस स्वतःच ते तेल त्या चिंचोळ्या पाचरीत ओढून दाब निर्माण करतो, हे गणित 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने मांडले. धातू धातूला स्पर्श करीतच नाही. ज्या क्षणी करतो त्या क्षणी यंत्राचा नाश आरंभतो. आजचे सारे वंगणशास्त्र या एका निष्कर्षावर उभे आहे.

हे ज्ञान झाल्यावर तेल थेंबाथेंबाने गळू देण्याऐवजी पंपाने दाबून प्रत्येक बेअरिंगला पोचविण्याची पद्धत आली. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉर्कम या कारखान्यातील अल्बर्ट पेन याचे 1890 मधील पेटंट या बाबतीत प्रसिद्ध आहे. वेगवान यंत्रे यामुळेच शक्य झाली, आणि पुढे डिझेल इंजिन नौकेच्या पोटात बसले ते हीच व्यवस्था घेऊन. परंतु या सोयीबरोबर एक नवी परवशताही आली. सगळे आस आता बंदिस्त झाले, तळव्याने त्यांची विचारपूस करणे अशक्य झाले, आणि सर्व बेअरिंगांचे जीवित एका पंपावर, एका जाळीवर आणि तळाशी साठविलेल्या तेलाच्या पातळीवर अवलंबून राहिले. जी वार्ता पूर्वी हाताला कळत असे ती आता दुसऱ्या कोणीतरी सांगणे प्राप्त झाले. वंगणदाबाचा काटा, तांबडा दिवा आणि भोंगा यांचा जन्म या गरजेतून झाला.

त्या भोंग्याची रचना अत्यंत साधी आहे. इंजिनाच्या तेलमार्गावर एक लहान स्विच बसविलेला असतो. त्याच्या आत एक पातळ पडदा, पडद्यामागे स्प्रिंग आणि विजेचे दोन संपर्कबिंदू. तेलाचा दाब पुरेसा असतो तोवर पडदा स्प्रिंगेस मागे रेटून संपर्क तोडून धरतो. दाब उतरून ठरीव मर्यादेच्या, बहुतेक लहान इंजिनांत दर चौरस इंचास पाच ते दहा पौंडांच्या आसपासच्या मर्यादेच्या, खाली आला की स्प्रिंगेची सरशी होते, संपर्क जुळतो आणि भोंगा वाजतो. म्हणूनच चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो वाजलाच पाहिजे आणि इंजिन धरल्यावर काही क्षणांत थांबला पाहिजे. चावी फिरवूनही जो भोंगा गप्प राहतो, त्याची तार तुटलेली किंवा स्विच निकामी आहे असे समजावे. असा भोंगा नसलेल्या भोंग्याहून घातक, कारण तो खोटा विश्वास देतो.

ताप हा जसा स्वतः रोग नसून अनेक रोगांचे एकच लक्षण असतो, तसा हा इशारा अनेक कारणांनी येतो. तळातले तेल कमी झालेले असेल. तेलात डिझेल मिसळून ते पातळ झाले असेल. तेल शोषून घेणारी जाळी गाळाने बुजली असेल. जादा दाब सोडणारी झडप उघडी अडकली असेल. पंप किंवा बेअरिंगे झिजली असतील. अथवा लाटांवर नौका इतकी कलली असेल की शोषणनळीचे तोंड तेलाबाहेर येऊन पंपाने हवा ओढली असेल. शेवटचे कारण मोटारीत क्वचित, नौकेत मात्र नित्य संभवते. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा: स्विच दाब सांगतो, तेल किती आहे ते सांगत नाही. शिवाय तापलेले इंजिन मंद चालीवर असता दाब स्वभावतःच उतरतो, म्हणून किनाऱ्याजवळ रेस कमी करताना भोंगा क्षणभर वाजला तर झिजेची शंका घ्यावी. परंतु भर चालीत तो वाजला तर एकच कर्तव्य आहे: नौका सुरक्षित पाण्यात असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे, नांगर टाकावा, तेल मोजण्याची पट्टी काढून तेल पाहावे, आणि कारण सापडल्यावाचून पुन्हा सुरू करू नये. त्या अवस्थेत आणखी मिनिटभर चालविलेले इंजिन बेअरिंगे जाळून जाम होऊ शकते.

मराठी मुलखात हे ज्ञान कोकणच्या किनाऱ्यावर स्थिरावले. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघून डिझेल इंजिन या प्रांतात घडू लागले, आणि स्वातंत्र्योत्तर काळात मच्छीमारांच्या होड्यांवर शिडाच्या जोडीस इंजिन आले, तेव्हा वारा आणि भरती-ओहोटी वाचणाऱ्या तांडेलाला इंजिनाचा आवाज आणि काटाही वाचण्याची नवी विद्या आत्मसात करावी लागली. गोदावरी-प्राणहितेच्या काठी ही विद्या त्या मानाने थोडी रुजली. तेथे डोंगा आणि वल्हे हेच नावाड्याचे साधन बराच काळ राहिले. आज पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो तेव्हा बचावपथके यंत्रनौका घेऊन पाण्यात उतरतात. त्यांची इंजिने बहुधा नौकेच्या मागे टांगलेली असतात, पण ज्यांना पंपाने दाबून वंगण पुरविले जाते त्यांच्यात इशाऱ्याचे तत्त्व तेथेही तेच आहे. आणि भर प्रवाहात, झाडांच्या ओंडक्यांमध्ये, माणसांनी भरलेल्या नावेत इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

गोदावरीच्या जलमार्गाच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर एक बोध निष्पन्न होतो. ती योजना मूर्खांनी आखली नव्हती. हेग, कॉटन, टेंपल हे सर्व कर्तबगार पुरुष होते. पण नदीने आपल्या पात्राविषयी, उन्हाळ्यातील पाण्याविषयी आणि जंगलातील तापाविषयी दरसाल जे सांगितले, ते ऐकूनही वर्षानुवर्षे काम पुढे रेटले गेले, आणि थांबण्याचा हुकूम निघाला तो आगगाडीने निकाल लावल्यावर. इशारा ऐकू येणे ही गोष्ट निराळी आणि त्याप्रमाणे थांबणे ही गोष्ट निराळी. पहिली साधनाच्या अधीन आहे, दुसरी मनुष्याच्या शिस्तीच्या. टॉवरच्या खुंटीपासून आजच्या स्विचपर्यंत साधन पुष्कळ सुधारले आहे. शिस्त मात्र सवयीनेच येते, म्हणून या जिल्ह्यात पुराच्या पाण्यावर नौका हाकणाऱ्या प्रत्येक तरुणास पोहणे आणि सुकाणू यांच्याबरोबर चावी फिरवून भोंगा ऐकण्याची, पट्टीवर तेल पाहण्याची आणि भोंगा वाजताच नौकेस सुरक्षित पाणी गाठवून इंजिन थांबविण्याची सवय पावसाळ्यापूर्वीच लावली पाहिजे. तो शिक्षणक्रमातील गौण भाग नसून नावाड्याच्या धर्माचाच भाग आहे.