खिशातली वही आणि मोडीची लेखणी

मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्यांच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. शिरोरेघ अगोदरच तयार असल्याने अक्षरागणिक लेखणी उचलावी लागत नसे. १९९६ साली अमेरिकेत ‘पाम पायलट’ हे तळहाताएवढे यंत्र बाजारात आले. त्याच्या ‘ग्रॅफिटी’ लिपीमागचा हिशेब हाच होता. ‘ए’मधली आडवी रेघ गाळलेली, ‘टी’ म्हणजे नुसता कोपरा. जवळपास प्रत्येक अक्षर काडी न उचलता पुरे होई. यंत्राला माणसाचे अक्षर ओळखता यावे, म्हणून माणसाने आपले वळण थोडे बदलायचे.

मोडीनेही वेगाची किंमत मोजली होती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती सहसा पाळत नाही. पण न आणि ण, त आणि ट, ल आणि ळ यांची सरमिसळ तिने होऊ दिली नाही. कागदपत्रे वाचणाऱ्याचे सगळे त्यावर चालते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस डिजिटल डायऱ्या आणि असली यंत्रे पुण्यातही खिशांत दिसू लागली, तेव्हा आम्हा टिपणे काढणाऱ्यांपुढे एकच वाट होती: मराठी मजकूर रोमन अक्षरांत उतरवायचा. तिथे घोटाळा होतो. ‘के-ए-एल’ या तीन अक्षरांत काल, काळ, कल आणि कळ हे चारही शब्द मावतात. ‘एम-ए-एल’ लिहिले, तर शेतातला मळ की माळ, की गोदामातला माल, हे संदर्भावाचून सांगता येत नाही. काळे आणि काले ही आडनावे तर संदर्भानेही सुटत नाहीत.

उपाय मुळात नव्हता असे नाही. तो पुण्यातच होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम १९८८ साली स्थापन झालेल्या इथल्या सी-डॅकमध्ये आले. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली राष्ट्रीय मानक झाली. इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणीही त्याच मानकात आहे: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. पण जिस्ट मेजावरच्या संगणकासाठी होते. जोडाक्षरे घडवण्याचे काम संगणकात बसवलेले खास कार्ड करी. पहिल्या पायलटची स्मृती अवघी १२८ किलोबाइट, पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा. वर वेलांटी-रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढा डोलारा त्यात बसवायला स्वतंत्र मेहनत हवी होती, आणि ती घेणारी बाजारपेठ त्या कंपन्यांना मराठीत दिसली नाही. बंगळूरला आखलेल्या ‘सिंप्युटर’ने भारतीय भाषांना हातातल्या यंत्रात जागा द्यायचे ठरवले, तो २००४ साली विक्रीला आला, पण रुजला नाही. पुढे मोबाइलने हा प्रश्नच मागे टाकला. २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

त्या मधल्या काळातली टिपणे मात्र घरोघर पडून आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतले अस्सल कागद पुन्हा पाहता येतात. पण बखळीतल्या म्हाताऱ्याने सांगितलेले गावाचे नाव, मोडून पडलेल्या वाड्यावरचा लेख, यांची अस्सल प्रत म्हणजे ते रोमन टिपणच. तिथे ‘एल’ म्हणजे ल की ळ, हे फक्त टिपणाऱ्याला आठवते. तेव्हा अशी टिपणे ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ती यंदाच देवनागरीत उतरवावीत, आणि जिथे अक्षराची खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह घालावे. मोडी दोनशे वर्षांनी वाचणारा आज सापडतो. आपले रोमन मराठी वाचायला आपल्यामागे कोणी असणार नाही.