मांगा : दोन वंशावळी आणि एक प्रश्न

तृतीय वर्षाच्या वर्गात युद्ध आणि साहित्य या विषयावर बोलत असताना एका विद्यार्थिनीने हिरोशिमावरील जपानी चित्रकथेचा अनुवाद आमच्यापुढे ठेवला आणि विचारले, "हे साहित्यात धरायचे का?" "मुलांसाठी चांगले आहे," असे काहीसे उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. पुढे ते पुस्तक वाचल्यावर आमच्या उत्तराची आम्हालाच लाज वाटली. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर आहे.

जपानी चित्रकथेला 'मांगा' म्हणतात. या शब्दाचा अर्थ साधारणतः 'स्वैर चित्रे' असा होतो. मांगाची महती सांगणारे अभ्यासक बहुधा एक भारदस्त वंशावळ पुढे करतात. क्योतोच्या कोझान-जी या मठाशी निगडित असलेल्या बाराव्या-तेराव्या शतकांतील चित्रगुंडाळ्यांत ससे आणि बेडूक माणसांसारखे कुस्ती खेळतात. तेथून मांगाचा आरंभ झाला, असे म्हटले जाते. मग होकुसाईचे नाव येते. त्याच्या 'होकुसाई मांगा'चा पहिला खंड 1814 साली निघाला आणि पंधरावा त्याच्या मृत्यूनंतर, 1878 साली.

ही वंशावळ खोटी नाही. पण तिने फारसे काही उलगडत नाही. होकुसाईच्या त्या खंडांत माणसे, पशुपक्षी, भुते, लाटा असे सारे विश्व आहे, मात्र कथा नाही. चौकटीमागून चौकट मांडून कथा सांगण्याची रीत जपानमध्ये रुजली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, राकुतेन किताझावासारख्या वृत्तपत्रीय चित्रकारांच्या हातून आणि पाश्चात्त्य व्यंगचित्रांच्या सहवासात. आज आपण ज्याला मांगा म्हणतो त्याची खरी जन्मभूमी मठ नव्हे; ती 1945 नंतरची बेचिराख शहरे होत.

पराभूत जपानमध्ये अन्नाची टंचाई होती, कागदाचीही होती. करमणुकीची भूक मात्र मोठी होती. ओसाकातील लहान प्रकाशक हलक्या कागदावर, भडक लाल मुखपृष्ठांची स्वस्त पुस्तके छापू लागले; त्यांना 'आकाहोन', म्हणजे लाल पुस्तके, असेच नाव पडले. 1947 साली अशाच एका पुस्तकाने इतिहास घडवला : 'शिन ताकाराजिमा', म्हणजे 'नवे रत्नबेट'. कथेचा आराखडा शिचिमा साकाई यांचा होता. चित्रकार ओसामु तेझुका (1928–1989) हे तेव्हा वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी होते आणि ओसाकावरील बाँबवर्षाव त्यांनी स्वतः पाहिला होता.

तेझुकांनी चित्रपटाची दृष्टी कागदावर आणली. 'शिन ताकाराजिमा'च्या आरंभी एक मुलगा मोटार भरधाव हाकत बंदराकडे निघाला आहे. शब्द जवळजवळ नाहीत. चौकटीगणिक मोटार कधी जवळ येते, कधी दूर जाते. वाचकाची नजरच कॅमेरा होते. एका हालचालीसाठी अनेक चौकटी खर्च करण्याची ही मुभा मांगाला पुढे फार उपयोगी पडली, कारण हालचालीसाठी जे करता येते ते दुःखासाठी आणि मौनासाठीही करता येते.

मांगाचा वाचक मोठा झाला आणि मांगा त्याच्याबरोबर मोठा झाला. आमच्या मते त्याच्या इतिहासाचे मर्म येथे आहे. पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानांत कारखान्यातील तरुण कामगार येत. त्यांच्यासाठी रेखाटणाऱ्या योशिहिरो तात्सुमी यांना 'मांगा' हा शब्द अपुरा वाटू लागला आणि 1957 साली त्यांनी 'गेकिगा', म्हणजे नाट्यचित्रे, हा शब्द योजला. 1964 साली निघालेल्या 'गारो' मासिकात साम्पेइ शिरातो यांनी सरंजामी काळातील शेतकऱ्यांचे आणि बहिष्कृतांचे बंड चितारले. त्या दशकातील चळवळ्या विद्यार्थ्यांनी ते आवडीने वाचले. मुलींच्या मासिकांत 1970 च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया अशा लेखिका पुढे आल्या. रियोको इकेदा यांनी 1972–73 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर 'व्हर्सायचा गुलाब' लिहिला. मुलींच्या गोष्टीत इतिहास आणि अंतर्मन दोन्ही मावतात, हे या लेखिकांनी सिद्ध केले.

या साऱ्याला बाजाराचा आधार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1959 पासून साप्ताहिके निघू लागली. 1968 मध्ये सुरू झालेल्या 'शोनेन जम्प'चा खप 1990 च्या दशकाच्या मध्यात पासष्ट लाखांवर गेला. अंकासोबतच्या पोस्टकार्डावर वाचक आपली पसंती कळवीत आणि नापसंत कथा गुंडाळली जाई. आपल्याकडील मासिकांतील क्रमशः कादंबऱ्यांचा इतिहास शिकवणाऱ्यांना हा ताण नवा वाटू नये.

नवागताने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पान उजवीकडून डावीकडे वाचायचे. आणि चित्रात विखुरलेली अक्षरे ही नक्षी नव्हे. ते ध्वनी आहेत. जपानीत निःशब्दतेलाही ध्वनिशब्द आहे : 'शीऽन'. 'रिमझिम' आणि 'सळसळ' यांच्याबरोबर 'शुकशुकाट' वापरणाऱ्या मराठी वाचकाला त्याचे नवल वाटणार नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या पुस्तकाकडे येऊ. ते होते केइजी नाकाझावा यांचे 'अनवाणी गेन'. 6 ऑगस्ट 1945 रोजी सहा वर्षांचे नाकाझावा हिरोशिमात शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. 1966 साली आई वारली. दहनानंतर तिच्या अस्थीही उरल्या नाहीत, तेव्हा ते अणुबाँबवर लिहू लागले. 1973 साली 'गेन' सुरू झाला तो 'शोनेन जम्प'मध्येच, मुलांच्या साहसकथांच्या शेजारी. त्यात अमेरिकेच्या बाँबइतकाच जपानी युद्धखोरीवर आणि आशियातील जपानी सैन्याच्या क्रौर्यावर रोख आहे. 2012 च्या अखेरीस मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने तो शाळांच्या ग्रंथालयांत मुलांच्या हाती मोकळेपणी लागू नये असे कळवले. 2013 मध्ये गदारोळ झाल्यावर ते बंधन मागे घेतले गेले. 2023 साली खुद्द हिरोशिमाने आपल्या शांतताशिक्षणाच्या पाठ्यसामग्रीतून त्याला वगळले.

हे मुलांचे पुस्तक मोठ्यांनाच पेलवले नाही, असे म्हणावे लागते. ज्या कृतीची भीती वाटते तिला कोणी क्षुल्लक मानीत नाही. साहित्यात काय धरायचे हे ठरवताना आम्ही आजवर कागदाचा दर्जा आणि वाचकाचे वय पाहत आलो. लाल पुस्तकांच्या हलक्या कागदावरून एका राष्ट्राची स्मृती वाहत आली, हे मांगाचा इतिहास सांगतो. त्या विद्यार्थिनीला आमचे उत्तर आता इतकेच आहे : होय, धरायचे. आणि पुढच्या वर्षी पहिल्या तासाला ते तिच्याच प्रतीवरून वाचायचे, उजवीकडून डावीकडे.