शब्दवेध : चिपिंग

चिपिंग नॉर्टन, चिपिंग सॉडबरी, चिपिंग कॅम्डन. इंग्लंडच्या नकाशावर हे ‘चिपिंग’ पुन्हा पुन्हा भेटतं. मूळ जुन्या इंग्रजीतलं : चेपिंग, म्हणजे बाजार. आपल्याकडच्या ‘पेठ’सारखंच ते गावाच्या नावाला चिकटलं. त्याचं भावंड ‘चेआप’ म्हणजे सौदा. ‘चांगला सौदा’ या अर्थाच्या शब्दजोडीतलं ‘चांगला’ गळून पडलं आणि स्वस्त या अर्थाचा ‘चीप’ उरला. लंडनचं चीपसाइड मात्र स्वस्त कधीच नव्हतं. ती बाजाराची जागा.

ग्लॉस्टरशायरमधलं कॅम्डन वाढलं ते कॉट्सवोल्डच्या मेंढ्यांच्या लोकरीवर. १४०१ साली वारलेला विल्यम ग्रेव्हल इथल्या चर्चमध्ये पुरला आहे. थडग्यावरच्या पितळी पत्र्यावर त्याला साऱ्या इंग्लंडातल्या लोकर-व्यापाऱ्यांचं फूल म्हटलंय. व्यापाऱ्याचा असा गौरव मला फार मोलाचा वाटतो. १६२७ साली बॅप्टिस्ट हिक्सने बांधलेला दगडी कमानींचा बाजारमंडप आजही हाय स्ट्रीटवर उभा आहे. फरशी उंचसखल, बाजू उघड्या. आसपासच्या खेड्यांतलं लोणी, चीज, कोंबड्या इथे विकायला येत.

कोपनहेगनच्या नावातही हेच मूळ आहे : व्यापाऱ्यांचं बंदर.