माळवदाखालचे आफ्रिकन व्हायलेट

गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे मनमाडहून सिकंदराबादेकडे धावू लागली ती १९०० च्या सुमारास. आणि निजामाच्या मुलुखात, औरंगाबाद सुभ्यातील गंगापूर तालुक्यात, जुन्या लासूर गावापासून थोड्या अंतरावर जे स्टेशन उभे राहिले, त्याच्याभोवती अडत, गोदामे आणि पेठ वाढत जाऊन त्या नव्या वस्तीला लासूर स्टेशन हेच नाव पडले. त्याच काळात समुद्रापलीकडे, जर्मन पूर्व आफ्रिकेत, टांगा बंदरापासून उसंबरा पर्वताच्या दिशेने दुसरी एक मीटरगेज रेल्वे सरकत होती. त्या पर्वतातून निघालेल्या एका रोपट्याने पुढे साऱ्या जगातील खिडक्या जिंकल्या.

टांगा जिल्ह्याचा अंमलदार वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर याला १८९२ साली उसंबराच्या दाट छायेत, खडकांच्या ओलसर फटींतून, मखमली पानांचे व जांभळ्या फुलांचे हे रोप आढळले. त्याचे बी त्याने जर्मनीत वडिलांकडे धाडले. हानोव्हरच्या हेरेनहाउझेन उद्यानाचे अधिपती हेर्मान वेंडलांड यांनी १८९३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन करून शोधकाच्या नावावरून वंशाला सेंटपोलिया ही संज्ञा दिली. एर्फुर्टच्या बेनारी पेढीने बियाणे बाजारात आणले, परंतु त्याचा खरा प्रसार झाला तो अमेरिकेत: लॉस एंजेलिसच्या आर्माकोस्ट व रॉयस्टन या रोपवाटिकेने १९२० नंतरच्या दशकात जर्मनी व इंग्लंडहून मागविलेल्या बियांपासून सहस्रावधी रोपे वाढविली, आणि त्यांतून निवडलेल्या मोजक्या जाती लोकांच्या घरी पोचवून या छंदाचा पाया घातला. १९४६ साली तेथे या एका रोपट्यासाठी स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली.

या प्रवासात त्याच्या संगोपनाचे जे नियम ठरले ते शीत देशांतील घरांसाठी ठरले, ही गोष्ट आपल्याकडील रसिक विसरतात असे मला वाटते. जेथे हिवाळ्यात सूर्यप्रकाशच दुर्मीळ, तेथे खिडकी हेच योग्य स्थान. परंतु लासूरच्या वैशाखात, जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारचा वारा भाजून काढतो, तेव्हा त्या उपदेशाचे अक्षरशः पालन म्हणजे रोपाचा अंतच. त्याला साधारण अठरा ते चोवीस अंश उष्मा, दमट हवा आणि तेजस्वी परंतु प्रत्यक्ष ऊन नसलेला उजेड मानवतो. पर्वताच्या फटीतील हीच परिस्थिती आपल्या जुन्या माळवदाच्या घरात, जाड मातीच्या भिंतींआड, काही अंशी आपसूक सिद्ध झालेली असे. माजघर त्याला अंधारे पडेल. मात्र उत्तराभिमुख ओसरीचा आतला कोपरा, जेथे पाण्याचा रांजण पाझरत राहतो आणि अंगणातून परावर्तित उजेड येतो, तो मला खिडकीहून कितीतरी अधिक योग्य वाटतो. पत्र्याचे छप्पर आल्यापासून ही सोय नाहीशी झाली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

पाण्याच्या बाबतीतही सावधगिरी हवी. काळ्या पाषाणातील विहिरींचे जड पाणी सतत दिल्यास कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर साचतो, आणि त्यावर टेकलेले पानांचे देठ सडतात; म्हणून पावसाचे साठवलेले पाणी, तेही गार नव्हे, खालच्या बशीतून द्यावे, कारण पानावर थंड पाणी पडले की पिवळट वलये उमटतात. माती भुसभुशीत हवी, कुंडी लहान हवी.

त्याची वंशवृद्धी मात्र विलक्षण सुलभ आहे. निरोगी पान बोटभर देठासह काढून ओलसर वाळूमिश्रित मातीत खोवले की काही आठवड्यांत देठाच्या बुडाशी मुळे आणि मग चिमुकली रोपे फुटतात. संकरित जातीचे गुण बियांतून जसेच्या तसे उतरत नाहीत, पानातून उतरतात, आणि म्हणूनच हा छंद एका घरातून दुसऱ्या घरात पानानेच गेला. मराठवाड्यात हे काम श्रावणात करावे: हवा ओलसर असते, ऊन मवाळ झालेले असते, आणि उन्हाळ्याला तोंड देण्यापूर्वी रोपाला कित्येक महिने मिळतात. उसंबराची अरण्ये कॉफीच्या मळ्यांसाठी व लाकडासाठी तुटत गेली असून त्याच्या रानटी जाती आज संकटात आहेत. तेव्हा कुणी मागितले, तर एखादे पान आनंदाने द्यावे.