मालक नसलेल्यांचा कायदा

१९६९ पूर्वी मुंबईतल्या एखाद्या हमालाने कामगार न्यायालयाची पायरी चढली असती, तर त्याला पहिला प्रश्न आला असता: तुझा मालक कोण? त्याचा दावा तिथेच संपला असता. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात तो सकाळी एका पेढीची साखर उतरवी, दुपारी समोरच्या गाळ्यात मिरचीची थप्पी लावी, संध्याकाळी तिसऱ्याच कुणाचा ट्रक भरून देई. हजेरीपट कुणाकडेच नसे. १९४७चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८चा कारखाने कायदा, १९५२चा भविष्यनिर्वाह निधी कायदा, हे सगळे एक मालक आणि त्याच्या पटावरचे नोकर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले. दिवसाला पाच दुकानांचे ओझे वाहणारा माणूस त्यांत कुठेच बसत नव्हता. पाय मोडला तर तो साताऱ्यात पाटणला नाहीतर जावळीला परत जाई आणि टोळीत त्याच्या जागी गावाकडचाच दुसरा कुणी उभा राही.

मी पुण्यात एका माथाडी मंडळात हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली. त्यामुळे १९६९चा माथाडी कायदा मला आधी कळला तो रजिस्टरांतून आणि टोळीच्या हिशेबातून. कलमे मी नंतर वाचली. आजही मला वाटते की महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यांत इतक्या नेमक्या विचाराने केलेली चीज फार थोडी आहे.

कल्पना मात्र कोरी नव्हती. गोदी कामगारांसाठी केंद्राने १९४८ सालीच कायदा केला होता. बोटी येतात-जातात, काम देणारे बदलतात, मग कामगार कुणाचा? त्यावर उत्तर असे काढले की कामगारांची एक नोंदवही करायची आणि काम मंडळामार्फत द्यायचे. म्हणजे मुंबई बंदराच्या भिंतीच्या आत पोते उचलणाऱ्याला नाव होते, नंबर होता, निधी होता. तेच पोते भिंतीबाहेर आले की उचलणाऱ्याला काहीच नाही. दारूखान्यात, लोखंड बाजारात, मशीद बंदरला राबणाऱ्या साताऱ्याकडच्या माणसांना हा फरक रोज दिसत होता. त्यांना संघटित केले पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी. इकडे पुण्यात नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव १९५०च्या दशकापासून हमाल पंचायत उभी करत होते. दोघांचे राजकारण वेगळे, भाषा वेगळी, मागणी मात्र एका जागी येऊन मिळाली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली, ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ झाला.

या कायद्याने हमालाला मालक शोधून दिला नाही. मालक नसणे हे त्याच्या धंद्याचे खरे रूप आहे, हे मान्य केले आणि सगळ्या बाजाराला मिळून मालकाची जबाबदारी उचलायला लावली. किराणा, लोखंड, कापड अशा एकेका व्यवसायासाठी मंडळ. त्यात व्यापाऱ्यांचे आणि कामगारांचे सारख्याच संख्येने प्रतिनिधी, शिवाय सरकारचे. व्यापाऱ्याने मंडळात नोंद करायची, हमालानेही करायची. महिनाभराच्या कामाची मजुरी व्यापारी मंडळात भरतो, वर तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी आणि मंडळाचा खर्च भागतो. कामावर अपघात झाला तर भरपाईचा कायदाही लागू. कुणी किती उचलले याचा हिशेब टोळीचा मुकादम देतो, पण पैसा त्याच्या हातून जात नाही. ज्याने मुकादमाच्या हातून मजुरी घेतली आहे, त्याला या एका बदलाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

एक किराणा व्यापारी लेव्हीचा भरणा करायला यायचे. माणूस सज्जन, हिशेब चोख. दर वेळी एकच तक्रार. म्हणायचे, “भाऊसाहेब, हा सकाळी माझ्याकडे, दुपारी समोरच्याकडे. मग मी एकट्यानेच याच्या म्हातारपणाची काळजी का वाहायची?” मी म्हणायचो, “शेठ, एकट्याने नाहीच. तुम्ही सकाळची वाहा, समोरचे दुपारची वाहतील. मंडळ त्यासाठीच आहे.” ते हसून पावती खिशात घालत. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण १९६९ पर्यंत त्या प्रश्नाचा फायदा फक्त प्रश्न विचारणाऱ्याला मिळत होता.

अनुसूचीतली भाषा मला अजून पाठ आहे, कारण नोंदणीचे अर्ज तिच्यावर तपासायचे असत: चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहून नेणे, वजन करणे, मोजणे, भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे. शेवटची दोन कामे मिरची-हळदीच्या गाळ्यांत बायका करतात. दिवसभर खाली बसून, तोंडाला पदर बांधून, तिखटाच्या धुळीत. कायद्यात त्यांची जागा पहिल्या दिवसापासून होती, रजिस्टरात त्यांची नावे यायला मात्र फार वेळ लागला. “त्या काय, तासाभराचं काम करून जातात,” असे गाळेवाले सांगत, आणि टोळीतले पुरुषही त्यांच्या बाजूने फारसे बोलत नसत. ही उणीव कायद्याची नव्हती, आमची सगळ्यांची होती.

वजनाची गोष्टही सांगितलीच पाहिजे. शंभर किलोची गोण पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी माणसे मी पाहिली आहेत. मान खाली, हातातला आकडा गोणीत रुतवलेला, आणि पाऊल फळी चाचपत पुढे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली माणसाने वाहायच्या ओझ्यावर करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. भारताने तो करार मान्य केला २०१० साली. पन्नास किलोच्या पोत्यासाठी इथल्या हमालांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. मणक्याचे दुखणे घेऊन कार्यालयात येणारा माणूस पन्नाशीच्या आतच म्हातारा दिसायचा.

या कायद्याच्या नावाखाली खंडणीही झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. बोजाला हात न लावता ट्रकमागे पैसे मागणाऱ्या टोळ्या आहेत आणि उद्योजक त्यांच्यामुळे हैराण होतात. त्यांना पकडायला फौजदारी कायदा आहे, तो पोलिसांनी वापरावा. चोरी होते म्हणून बाजारच बंद करायचा नसतो. २०२३ साली दुरुस्तीचे विधेयक आले तेव्हा संघटनांनी विरोध केला तो याच भीतीने, की खंडणीखोरांचे निमित्त सांगून खऱ्या हमालाचे संरक्षण काढून घेतले जाईल.

हा साचा फक्त हमालांपुरता राहिला नाही. खासगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली याच धर्तीवर कायदा केला. आज तुमच्या दारात जेवणाचा डबा घेऊन येणाऱ्या मुलाला कंपनी सांगते की तू आमचा नोकर नाहीस, भागीदार आहेस. तो एका तासात दोन ॲपची कामे करतो. मशीद बंदरच्या हमालाची आणि त्याची अडचण एकच. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली अशा कामगारांसाठी कायदे केले. त्यांत मंडळ आहे, नोंदणी आहे, आणि प्रत्येक व्यवहारावर कंपनीने भरायचे कल्याण शुल्क आहे. आमच्या टेबलावरची लेव्ही ती हीच. जो विचार इथल्या हमालांनी भांडून कायद्यात आणला, तो महाराष्ट्राने आपल्या रस्त्यांवरच्या या मुलांसाठी आता लागू करावा, आणि गोदी कायद्यानंतर हमालांना पाहावी लागली तशी एकवीस वर्षे वाट त्यांना पाहायला लावू नये.