वस्तरा 'गातो' म्हणजे नेमकं काय होतं? आवाज धारेचा नसतो, पात्याच्या पोटाचा असतो!

दाढीचे छोटे व्हिडिओ सोशल मीडियावर भरपूर चालतात. गालावर पांढराशुभ्र फेस, त्यावरून सरकणारं चकचकीत पातं आणि सोबत 'खर्रर्र' असा स्पष्ट आवाज. खाली प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात: "काय धार आहे!"

पण गंमत अशी, की त्या आवाजाचं श्रेय बहुतेक वेळा धारेचं नसतंच.

एखादा अखंड पात्याचा वस्तरा मधोमध आडवा कापला, तर वरची पाठ जाड आणि खालची धार बारीक दिसेल. या दोन टोकांच्या मधला पोलादाचा भाग कारागिराने किती पोखरून काढला आहे, त्याला वस्तऱ्याचा 'ग्राइंड' म्हणतात. काहीच पोखरलं नाही आणि दोन्ही बाजू सपाट ठेवल्या, तर पातं लाकूड फोडायच्या पाचरीसारखं दिसतं. हा 'वेज'. फिरत्या दगडी चाकांवर धरून दोन्ही बाजूंना खोलगट केलं, की होतो 'हॉलो'. थोडं पोखरलं तर क्वार्टर हॉलो, आणखी पोखरलं तर हाफ हॉलो आणि पार आत गेलं तर फुल हॉलो. चाक जितकं लहान, तितका खोलगटपणा जास्त. फुल हॉलो पात्याचा धारेजवळचा भाग इतका पातळ असतो, की जाणकार कारागीर धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ती लवताना डोळ्यांनी पाहतात. (हा प्रयोग घरी करायचा नाही, हे सांगायला नकोच.)

या दोन टोकांमागे युरोपातली दोन शहरं आहेत. इंग्लंडमधलं शेफिल्ड हे १८ व्या आणि १९ व्या शतकात वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं आणि तिथले जुने वस्तरे प्रामुख्याने जड, पाचरीच्या घडणीचे. पुढे १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगेनने खोलगट पात्यांचं तंत्र इतकं पुढे नेलं, की 'झोलिंगेन' हा शब्दच दर्जाची खूण झाला. हे नाव पात्यावर कोणी छापायचं, यासाठी १९३८ साली जर्मनीत कायदा करावा लागला. फ्रान्समधल्या तिएर गावातली 'तिएर-इसार' ही कंपनी तर आपल्या पात्यांवर 'एविदे सोनां' असे शब्द छापत आली आहे. अर्थ सरळ आहे: पोखरलेलं आणि वाजणारं.

आता ते वाजतं का? स्टीलची ताटली फरशीवर पडली तर घरभर आवाज होतो, वरवंटा पडला तर नुसता 'धप्प'. पातळ धातू चटकन कंप पावतो आणि तो कंप हवेत पोचवतो. जाड धातू सहसा दाद देत नाही. वस्तऱ्याचंही तसंच. प्रत्येक केस तुटताना पात्याला एक बारीकसा झटका बसतो. फुल हॉलो पातं पाठीकडे घट्ट आणि धारेकडे मोकळं असतं, त्यामुळे ते प्रत्येक झटक्याला थरथरतं. असे शेकडो झटके एकापाठोपाठ आले, की 'खर्रर्र' ऐकू येतं. वेज तेच केस कापतो, पण गुपचूप. म्हणून वेजने दाढी करणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, की काही कापलंच जात नाहीये. फेस पुसल्यावर गाल गुळगुळीत निघतो!

केसही आपला वाटा उचलतात. दोन-तीन दिवस वाढलेली, राठ दाढी जास्त वाजते. कानशिलाजवळ पातं कानाच्या अगदी शेजारी असल्याने तिथे आवाज मोठा वाटतो.

हा आवाज नुसती करमणूक नाही, ती माहिती आहे. फेस वाळला, पात्याचा कोन जास्त उभा झाला किंवा धार उतरली, की फुल हॉलोचा सूर बदलतो आणि हात वेळीच सावरता येतो. (पातं त्वचेशी साधारण ३० अंशांवर धरायचा संकेत आहे.) मात्र दाब दिला, की हेच पातळ पातं लवतं. हनुवटीवरच्या ताठ केसांत ते अडखळत जातं आणि अशा वेळी जोर लावला तर कातडी कापलीच म्हणून समजा. वेज तिथे आपल्या वजनाने सरळ पुढे जातो, पण चुकीचा कोन कानाला सांगत नाही. नवशिक्याने दोन्ही टोकं टाळून हाफ हॉलोपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

मग जास्त वाजणारा वस्तरा जास्त धारदार का? नाही. दगडावर धार लावताना पाठ आणि धार दोन्ही टेकतात, त्यामुळे धारेचा कोन ठरतो तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून. तो साधारण १५ ते १८ अंशांच्या आसपास असतो, ग्राइंड कोणताही असो. फरक पडतो तो मेहनतीत. फुल हॉलोची अगदी बारीक कड दगडाला लागते, तर अस्सल वेजची अख्खी बाजू घासावी लागते. त्यामुळे वेजला धार लावणं वेळखाऊ.

आपल्याकडच्या सलूनमध्ये हा सूर फारसा का ऐकू येत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. तिथे आता बहुधा अर्धं मोडलेलं ब्लेड बसवायचा वस्तरा असतो. ते ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं, म्हणजे वाजायला हवं. पण ते चिमट्यात घट्ट आवळलेलं असतं आणि बाहेर फक्त कड डोकावते. थरथरायला जागाच नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड मिळतं, ही आरोग्याच्या दृष्टीने मोठी सोय, त्यामुळे आवाज गेल्याचं दुःख कोणी करू नये.

जुना वस्तरा विकत घेणाऱ्यांना मात्र आवाज आणखी एका कामी येतो. माठ घेताना टिचकी मारून बघतात, तसं हॉलो पात्याच्या पाठीजवळ, धारेपासून बोट लांब ठेवून, नखाने हलकी टिचकी मारायची. धड पातं 'टिंग' करतं. आवाज बद्द आला, तर धारेजवळ केसाएवढी चीर आहे का, हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मुळात मुका असलेल्या वेजला ही परीक्षा लागू पडत नाही, तिथे भिंगच हवं.